जळगाव प्लांट: सस्टेनेबिलिटीच्या कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

आजपासून हे सस्टेनेबिलिटीचं, म्हणजे वीज, इंधन, कचरा आणि कार्बन कमी करायचं काम पण माझ्याकडे. सकाळी हेड ऑफिसचा मेल आला, दुपारी प्लांट हेड साहेबांनी बोलावून सांगितलं की वीज, पाणी, बॉयलर, कॉम्प्रेसर सगळं तुझ्याकडेच आहे तर सस्टेनेबिलिटी पण तूच बघ, वेगळा माणूस मिळणार नाही. ठीक. मागणी कुठून आली ते आधी लिहून ठेवतो, पुढे कोणी विचारलं तर सापडेल. आपले सलाईन सेट आणि युरिन बॅग घेणारा जो इंग्लंडचा डिस्ट्रिब्युटर आहे तो पुढे एनएचएसला (तिथली सरकारी आरोग्य सेवा) माल देतो, आणि एनएचएसने एप्रिल २०२४ पासून नवीन खरेदीत सप्लायरकडून कार्बन कमी करायचा प्लॅन मागायला सुरुवात केलीय. त्यांचं स्वतःचं ठरलेलं आहे, जे थेट त्यांच्या ताब्यात आहे ते २०४० पर्यंत नेट झिरो (कार्बन निव्वळ शून्य) आणि सप्लायर धरून बाकीचं २०४५ पर्यंत, आणि २०२८ पासून एकेका प्रॉडक्टचा कार्बन हिशोब मागणार. दुसरीकडे पुण्याचा एक ग्राहक शेअर बाजारात लिस्टेड आहे, सेबीचा बीआरएसआर रिपोर्ट (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा) २०२२-२३ पासून टॉप हजार लिस्टेड कंपन्यांना कंपल्सरी झाला, त्यामुळे तेही सप्लायरकडून आकडे गोळा करून राहिले.

मेलसोबत एक पीपीटी आहे, पहिल्याच स्लाइडवर दोन तळहातात धरलेलं रोपटं. रोपट्याचं नंतर बघू.

१२ फेब्रुवारी

सब-मीटर बसवून घेतले, क्लीन रूमच्या (जिथे हवेतले कण कमी ठेवतात ती खोली) एएचयूला, म्हणजे हवा फिरवणाऱ्या युनिटला, वेगळा, थंडावा देणाऱ्या चिलरला वेगळा, कॉम्प्रेसरला वेगळा, मोल्डिंगला वेगळा. इतकी वर्षं महावितरणचं एकच बिल यायचं आणि सगळे म्हणायचे की मोल्डिंग मशीन वीज खातात. तसं नाहीये. एएचयू आणि चिलर मिळून सगळ्यात जास्त खातात, म्हणजे आपण खरं तर हवा बनवणारी कंपनी आहोत आणि मधल्या वेळात सलाईन सेट बनवतो. असेंब्लीची क्लीन रूम आयएसओ क्लास ८ ची (हवेत किती कण चालतात त्याचा दर्जा), तिथे दर तासाला कितीतरी वेळा सगळी हवा फिल्टरमधून फिरवायची, थंड करायची, कोरडी करायची, ती पण रविवारी, रात्री, दिवाळीला, आत एक माणूस नसताना सुद्धा.

कार्बनच्या हिशोबाचं, स्कोप १, २, ३ चं एक्सेल सुरू केलं. स्कोप १ म्हणजे आपल्या आवारात जळणारं (बॉयलर, डिझेल जनरेटर), स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज, स्कोप ३ म्हणजे बाकी सगळं जग (कच्चा माल, वाहतूक वगैरे). विजेसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा आकडा घेतला, ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७३ किलो कार्बन डायऑक्साइड. भुसावळला जाताना दीपनगरच्या चिमण्या दिसतात, तो आकडा तिथूनच येतो असं समजा.

२७ फेब्रुवारी

क्यूए (क्वालिटी बघणाऱ्या) मॅडमसोबत मीटिंग. मी म्हटलं एएचयूचे फॅन रात्री आणि सुट्टीला हळू करू, व्हीएफडी (मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह) लावलेलाच आहे, सगळे ५० हर्ट्झवर ठेवून विसरून गेले. फॅनचा नियम असा की स्पीड २० टक्के कमी केला तर पॉवर स्पीडच्या घनाने पडते, ०.८ चा घन ०.५१, म्हणजे जवळपास निम्मी. कागदावर निम्मी, प्रत्यक्षात हेपा फिल्टरचा रेझिस्टन्स आणि मोटरचा लॉस धरून थोडी कमी वाचते, पण तरी भरपूर.

मॅडमचा चेहरा नेहमीसारखा. त्यांचा प्रश्न बरोबर आहे, ऑडिटरने विचारलं की रात्री क्लीन रूम क्लीन होती हे कशावरून तर काय दाखवणार? मी आयएसओ १४६४४ चा भाग १६ दाखवला, २०१९ चा, क्लीन रूममध्ये वीज कशी वाचवायची याच्यावरच आहे. मग त्या म्हणाल्या की दोन अटी, रूमचं प्रेशर बाहेरच्यापेक्षा कधीही खाली जाता कामा नये, आणि सकाळी फुल स्पीड केल्यावर किती मिनिटांत पार्टिकल काउंट (हवेतल्या कणांची संख्या) क्लासमध्ये येतो त्याची टेस्ट करून रिपोर्ट द्या, ती वेळ आणि वर थोडी मार्जिन धरूनच शिफ्ट सुरू करायची. चेंज कंट्रोलचा (बदलाच्या मंजुरीचा) फॉर्म भरला. ट्रायल रिकाम्या दिवशी घ्यावी लागेल, तर आखाजीला (अक्षय्य तृतीया).

११ मार्च

बॉयलर. सध्या फर्नेस ऑइलवर आहे, धूर काळा आणि बिल त्याहून काळं. पांढऱ्या कोळशावर (शेतातला काडीकचरा दाबून केलेले ब्रिकेट) न्यायचा विचार. आपल्याकडे माल तर गावोगावी पडलेला आहे, चोपडा, धरणगाव, अमळनेर, पारोळा जिकडे जा तिकडे कपाशी, आणि वेचणी संपली की पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) उपटून बांधावर ढीग नाहीतर काडी लावायची. त्यात अजून एक गोष्ट आहे जी पीपीटीवाल्यांना माहीत नसणार, बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांत आणि अर्धवट किडलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी बसून राहते आणि पुढच्या हंगामाला परत शेतात, म्हणून तर कृषी खातं दरवर्षी ओरडतं की फरदड (वेचणीनंतर तीच कपाशी ठेवून घेतलेलं पीक) घेऊ नका, पऱ्हाट्या लवकर काढा. म्हणजे त्या वेळेत उचलल्या तर शेतकऱ्याचं पण भलं.

पण हिशोब करताना लक्षात ठेवायचं, फर्नेस ऑइलची उष्णता किलोला १०,००० किलोकॅलरीच्या आसपास, ब्रिकेटची ४,००० च्या आसपास किंवा खालीच. म्हणजे वजनाने अडीच पट माल लागणार, तो ठेवायला शेड लागणार, पावसात एक पोतं भिजलं की भुगा. आणि राख. बॉयलरवाले काका म्हणाले, भो, ऑइलला फक्त व्हॉल्व्ह फिरवा लागे, याले तर माणूस उभा करा लागीन. माझी खरी काळजी राखेची आहे, कारण बॉयलरची चिमणी आणि क्लीन रूमची फ्रेश एअर घ्यायची जाळी यात अंतर फार नाही आणि उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून सुटतो, सरळ जाळीवर. पर्यावरण वाचवायला जाऊन प्री-फिल्टर दर आठवड्याला बदलायचे असं व्हायला नको. बॅग फिल्टरसकट (धुरातली राख कापडी पिशव्यांत अडवणारा) कोटेशन मागवलं. बॅग फिल्टर नसेल तर मी सही करणार नाही, हे लिहूनच ठेवतो.

२८ मार्च

सोलर. शेडच्या पत्र्यावर पॅनल बसून झाले, नेट मीटर लागला. इथे एक किलोवॅटला वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिटच्या आसपास पडतात. सगळ्यांना वाटून राहिलं की मे मध्ये धो धो वीज येणार, कारण जळगावचं ऊन. तसं होत नाही हे आत्ताच सांगून ठेवलं. पॅनलची ताकद २५ अंशावर मोजलेली असते आणि त्याच्यावर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के पडते. मे मध्ये पत्र्यावरचा पॅनल सहज ७० अंशाला जातो, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास तिथेच गेले. वरून धूळ.

धुवायला आरओचं रिजेक्ट (गाळून बाजूला काढलेलं) पाणी वापरू अशी सूचना आली, ऐकायला छान, पण रिजेक्टमध्ये क्षार एकवटलेले असतात आणि बोअरचं पाणी मुळातच जड, पॅनलवर वाळलं की पांढरे डाग पडतात आणि ते धुळीपेक्षा वाईट. रिजेक्ट टॉयलेटला आणि बाहेरची फरशी धुवायला वळवलं. पॅनल सॉफ्ट पाण्याने, सकाळी लवकर, काच थंड असताना. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही हे हाउसकीपिंगवाल्यांना दोनदा सांगितलं.

३० एप्रिल, आखाजी

प्लांट बंद. असेंब्लीतल्या निम्म्या पोरी माहेरी झोका खेळायला आणि पुरुष मंडळी पत्त्यांच्या अड्ड्यावर, वर्षातून एवढा एकच दिवस असा मिळतो की कोणी मशीन चालू करा म्हणून फोन करत नाही.

सकाळी कॉम्प्रेसर एकटा चालू ठेवला, कुठलंच मशीन हवा घेत नसताना. खरं तर त्याने एकदा प्रेशर भरून गप बसायला पाहिजे. बसला नाही, परत परत लोड होत (हवा भरत) राहिला. हिशोब सोपा आहे, लोडवर किती वेळ आणि अनलोडवर किती वेळ ते घड्याळ लावून लिहायचं, लोडच्या वेळेला एकूण वेळेने भागायचं, तेवढे टक्के हवा गळतीत. दुर्लक्ष झालेल्या प्लांटमध्ये हा आकडा २० ते ३० पर्यंत असतो असं म्हणतात, आपला त्याच घरातला निघाला. मग मी आणि हेल्पर पोरगा साबणाचं पाणी घेऊन लाइनभर फिरलो. एवढ्या शांततेत कानालाच ऐकू येत होतं, फिटिंग, एफआरएल (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर), एक तर आख्खा ब्लो गन अर्धवट दाबून तारेने बांधून ठेवलेला कारण कोणाला तरी टेबलवर वारा हवा होता. पंखा मागितला असता तर दिला असता ना भो. लाइन प्रेशर पण एक बारने खाली आणलं, सगळ्या मशीनला तेवढं पुरतं, एका बारला साधारण ६ ते १० टक्के वीज वाचते.

दुपारी एएचयूची ट्रायल. ४० हर्ट्झवर आणून ठेवलं, मॅग्नेहेलिक गेज (प्रेशरचा फरक दाखवणारा) बघत बसलो, प्रेशर पॉझिटिव्हच राहिलं. मग फुल स्पीड करून पार्टिकल काउंटर लावला, मॅडम स्वतः सुट्टीच्या दिवशी आल्या होत्या, घरून डब्यात मांडे घेऊन. रिकव्हरी अपेक्षेपेक्षा लवकर झाली. रिपोर्टवर त्यांनी तिथेच सही केली.

१९ मे

ऊन. जास्त लिहायची गरज नाही, जळगाव-भुसावळमध्ये राहणाऱ्याला माहीत आहे. चिलर एअर कूल्ड आहे, कंडेन्सरला ४५ अंशाची हवा मिळाली की तो दमतो आणि वीज पीत राहतो. घरोघरी कूलर चालतो तेच इथे केलं, कंडेन्सरच्या समोर हनीकोम्ब पॅड लावून वरून पाणी सोडलं. आपली हवा मे मध्ये कोरडी ठक्क असते म्हणून हे इथे चालतं, मुंबईत या पद्धतीचा काही उपयोग नाही. पाणी लागतं हा मुद्दा आहेच, म्हणून ११ ते ६ एवढाच वेळ, आणि पाऊस लागला की पॅड काढून टाकायचे. कॉम्प्रेसरची हवा घ्यायची डक्ट पण उत्तरेच्या सावलीत नेली, आत येणारी हवा ४ अंशाने गरम असली तर १ टक्का वीज जास्त लागते.

५ जून

पर्यावरण दिन. हेड ऑफिसला वृक्षारोपणाचा फोटो पाहिजे होता. मी सांगितलं की खान्देशात ५ जूनला रोप लावणं म्हणजे त्याला फाशी देणं, पावसाचा पत्ता नाही आणि जमीन तव्यासारखी. फोटोपुरतं एक कुंडीतलं ठेवलं, निंब आणि करंजाचे खड्डे करून ठेवले, लावणी चांगला पाऊस झाल्यावर.

२ जुलै

आता अवघड भाग, ईटीओ, म्हणजे माल निर्जंतुक करायचा इथिलीन ऑक्साइड गॅस. इथून पुढे ज्याला हात लावू ते थेट पेशंटपर्यंत जातं.

आपले सेट पीव्हीसीचे. ऑटोक्लेव्हच्या उष्णतेत नळी मऊ पडते, गॅमा किरण दिले तर पिवळी पडते. हेड ऑफिसच्या एका साहेबांनी विचारलं होतं की गॅमा का नाही, ट्रॉम्बेला अणुऊर्जा विभागाचा आयसोमेड प्लांट (गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा) तर १९७४ पासून आहे. आहे, आणि ज्या मटेरियलला चालतं त्याला उत्तम आहे, पण पिवळी पडलेली सलाईनची नळी नर्स हातात घेऊन बघते आणि बाजूला टाकते, तिचंही बरोबरच आहे. म्हणून इथिलीन ऑक्साइड. आणि हा गॅस साधा नाही, आयएआरसीने (डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था) त्याला कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलंय, हवेत ३ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नाकावर भरवसा ठेवता येत नाही. कामाच्या आठ तासांची मर्यादा १ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक) आणि वास यायला लागतो तो शेकडो पीपीएमला. म्हणजे वास आला तेव्हा खूप उशीर झालेला असतो. अमेरिकेत अर्ध्याच्या आसपास स्टराइल डिव्हाइस याच गॅसने होतात, त्यांच्या ईपीएने (पर्यावरण संस्था) मार्च २०२४ मध्ये स्टरिलायझेशन प्लांटमधून बाहेर जाणारा गॅस ९० टक्क्यांहून जास्त कमी करायचा नियम काढला. तो नियम आपल्याला लागू नाही, पण एमआयडीसीच्या भिंतीपलीकडे वस्ती आहे आणि फुफ्फुसं सगळीकडे सारखीच.

आपला चेंबर सायकल संपल्यावर व्हॅक्युमने जो गॅस ओढतो तो स्क्रबरमध्ये जातो, तिथे आम्लाच्या पाण्यात त्याचं इथिलीन ग्लायकॉल होतं. हे ठीक चालतं. पण दार उघडल्यावर आणि एअरेशन रूममध्ये (मालातला गॅस उडू द्यायची खोली) बॉक्समधून हळूहळू जो सुटतो तो आत्तापर्यंत नुसताच छतावरून बाहेर जात होता, ती एक्झॉस्ट लाइन ड्राय बेडमधून (गॅस पकडणारा कोरडा थर) न्यायचं काम काढलं. सेन्सर पण वाढवले.

गॅस कमी वापरायचा म्हटलं तर दोन रस्ते. एक, सायकलमधली गॅसची तीव्रताच कमी करणं. त्यासाठी आयएसओ १११३५ प्रमाणे परत व्हॅलिडेशन (पद्धत खरंच काम करते हे टेस्टने सिद्ध करणं), बॅसिलस अट्रोफियसचे दहा लाख जिवाणूवाले इंडिकेटर लोडच्या सगळ्यात अवघड जागी लपवायचे, अर्ध्या वेळेच्या सायकल चालवून सगळे मेले हे तीनदा दाखवायचं, मग आयएसओ १०९९३-७ प्रमाणे नळीत उरलेला गॅस मोजायचा. काही महिने जातात आणि ते बरोबर आहे, इथे घाई करणाऱ्याला मी दारातून आत घेणार नाही. दुसरा रस्ता आजच करता येतो. चेंबरमध्ये गॅस सोडतो तो चेंबरच्या आकारमानाने, आत माल किती आहे त्याने नाही. डिस्पॅचची घाई म्हणून आपण कितीतरी वेळा किमान लोडवर सायकल मारतो. व्हॅलिडेशनमध्ये जास्तीत जास्त लोड पण मंजूर आहे, मग तेवढा भरल्याशिवाय सायकल मारायची नाही. एका फॉर्मची पण गरज नाही, फक्त प्लॅनिंगवाल्याने आदल्या दिवशी माझ्याशी बोलायचं. आमच्या धंद्यात आधीच मंजूर असलेल्या मर्यादेत किती काही वाया जातं हे कोणी बघतच नाही, सगळ्यांना नवीन मशीन पाहिजे.

४ ऑगस्ट

कानबाईचं (खान्देशातली श्रावणातली देवी) विसर्जन, अटेंडन्स निम्मा. बसून टेक-बॅकच्या मेलला उत्तर लिहिलं. हेड ऑफिसची आयडिया अशी की हॉस्पिटलमधून वापरलेले सेट परत आणायचे, रिसायकल करायचे, स्टोरी चांगली होईल. होणार नाही. वापरलेला सलाईन सेट म्हणजे बायोमेडिकल वेस्ट, २०१६ च्या नियमाप्रमाणे तो लाल पिशवीत जातो, सुई वेगळी पांढऱ्या डब्यात, आणि ४८ तासांच्या आत तो कॉमन ट्रीटमेंटवाल्याच्या (सगळ्या हॉस्पिटलांचा कचरा एकत्र घेणारा) गाडीत जायला पाहिजे. तिथे ऑटोक्लेव्ह, मग श्रेडर, मग नोंदणी असलेल्या रिसायकलरला. आपला टेम्पो मधे घुसू शकत नाही आणि घुसूही नये.

पण करण्यासारखं एक आहे. शुद्ध पीव्हीसीत वजनाने ५७ टक्के क्लोरीन असतो, चुकून पिवळ्या पिशवीत गेला आणि इन्सिनरेटरमध्ये जळाला की डायॉक्सिन तयार होऊ शकतात, म्हणून तर नियमात क्लोरीनवालं प्लास्टिक जाळू नका असं आहे. आणि गर्दीच्या वॉर्डात रात्री सेट कुठल्या बकेटमध्ये पडतो ते कोणीही जाऊन बघावं. तर पाऊचवर लाल पिशवीचं चिन्ह छापायचं, मराठीत एक ओळ, सुई कापून पांढऱ्या डब्यात, नळी लाल पिशवीत. पाऊचच्या प्रिंटमध्ये बदल म्हणजे परत आर्टवर्क अप्रूव्हल, ते चालू केलं. पॅकिंगच्या एका ताईंचा भाऊ सिव्हिलमध्ये वॉर्डबॉय आहे, त्याला विचारून या म्हटलं तर उत्तर आलं की अक्षर मोठं ठेवा, आम्ले चष्मा लागेल शे. अक्षर मोठं केलं.

२५ ऑगस्ट

स्कोप ३ भरत आणला आणि जे वाटत होतं तेच निघालं. सोलर, एएचयू, कॉम्प्रेसर, पांढरा कोळसा, हे सगळं करून जो आकडा खाली येतो त्याच्यापेक्षा विकत घेतलेल्या पीव्हीसीचा आकडा मोठा. एक किलो रेझिनमागे साधारण दोन किलोच्या आसपास कार्बन, ते आपल्या गेटवर येण्याआधीच झालेलं. रिसायकल माल वापरायचा तर मेडिकल नळीत नाही चालत, आपल्याच रनरचा (मोल्डिंगमध्ये उरणारा जास्तीचा तुकडा) भुगा परत टाकायचा तरी व्हॅलिडेशन. तो स्वच्छ भंगार बाहेर चपलेच्या सोलला आणि बागेच्या पाइपला जातो, जाऊ दे. डीईएचपी (पीव्हीसी मऊ करणारं रसायन) काढून दुसरा प्लास्टिसायझर घ्यायचं काम आर अँड डीकडे आहे, युरोपात मेडिकल डिव्हाइससाठी त्याची मुदत आता २०३० आहे, त्यांचं ते बघतील.

मग एक्स्ट्रुजनला (जिथे नळी बनते) जाऊन उभा राहिलो. ड्रॉइंगवर नळीच्या भिंतीच्या जाडीला खालची आणि वरची मर्यादा दिलेली आहे. ऑपरेटर मधोमध चालवायच्या ऐवजी नेहमी वरच्या बाजूला चालवतो, पातळ निघाली तर रिजेक्ट होईल, जाड निघाली तर कोणी काही म्हणत नाही. बामणोदच्या वांग्यांचा व्यापारी काटा कमी पडू नये म्हणून वर दोन वांगी टाकतो तसं, फरक इतकाच की इथे ती दोन वांगी रोज हजारो मीटर नळीवर पडतात. त्याला दोष नाही, हातात मायक्रोमीटर आणि अर्ध्या तासाला एक तुकडा कापून बघायचा, एवढ्यावर कोण धोका घेईल. लेझर गेज लावला तर चालू लाइनवर जाडी दिसते, पुलरचा (नळी ओढणारा) स्पीड आपोआप जुळतो, आणि नळी बिनधास्त मधोमध चालवता येते. ड्रॉइंग तेच, स्पेसिफिकेशन तेच, प्रॉडक्ट तेच, फक्त प्रत्येक सेटमधलं थोडं पीव्हीसी कमी. मागणी टाकली. फायनान्सने पहिल्यांदाच माझ्या कागदावर प्रश्न न विचारता पुढे पाठवलं, कारण यात कार्बन आणि पैसे एकाच रांगेत उभे आहेत.

१७ सप्टेंबर

डिस्ट्रिब्युटरला प्लॅन पाठवला. हेड ऑफिसने मधे एक वाक्य घुसवलं होतं की आम्ही कार्बन न्यूट्रल होण्याच्या मार्गावर आहोत, ते काढून टाकलं, त्याऐवजी काय झालं आणि काय राहिलं ते तारखेनिशी लिहिलं. विमानाने पाठवलेल्या अर्जंट कन्साइनमेंट पण लिहिल्या, जहाजाच्या तुलनेत विमान टनाला कितीतरी पट जास्त जाळतं आणि आपलं प्लॅनिंग चुकलं की माल विमानानेच जातो, हे त्यांनाही दिसू दे म्हणजे ऑर्डर वेळेवर देतील.

राहिलेलं: बॉयलरचा बॅग फिल्टर ऑक्टोबरमध्ये येणार, तोपर्यंत ऑइल चालू. ईटीओची कमी गॅसची सायकल, पहिली अर्धी सायकल मारली, इंडिकेटर लॅबमध्ये इन्क्युबेट होऊन राहिलेत. लेझर गेजची पीओ (खरेदीची ऑर्डर) निघाली. करंज जगले, निंबातले काही शेळ्यांनी खाल्ले, कुंपणाचं कोटेशन घ्यायचंय.